चटईएवढी जागा

'चटईक्षेत्र निर्देशांक' हा शब्द मी पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचला त्याला तीसेक वर्षे झाली असतील. सारी हयात मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे सरकारी मराठीची मला सवय आहे. 'निर्देशांक' हा त्यांचाच शब्द, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'चटई'? हा तर आमच्या ओटीवरचा शब्द. तो त्या बातमीत पाहिला आणि मला आठवली ती काकांची लालबागची खोली.

१९६३ च्या मे महिन्यात, मी तेरा वर्षांचा असताना, धाकट्या काकांनी मला मुंबई दाखवायला नेले. रत्नागिरीच्या बंदरातून पडावात बसून बोट गाठायची, रात्रभर बोटीत डोके धरून बसायचे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. काका गिरणीत साच्यावर होते. त्यांचा मुक्काम 'गावच्या गाळ्यात', म्हणजे आमच्या ग्रामस्थ मंडळाने भाड्याने घेतलेल्या चाळीतल्या खोलीत. बारा फूट बाय दहा फूट. मंडळाच्या वहीत नावे एकवीस.

एकवीस माणसे त्या खोलीत मावत कशी, हे मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळले. भोंगा झाला, पहिल्या पाळीची माणसे उठली, चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या. थोड्या वेळाने रातपाळीची माणसे आली आणि त्यांनी आपापल्या चटया त्याच जागी पसरल्या. भिंतीला वर फळी, फळीवर एकवीस ट्रंका. खाली कुणाचे काही नाही. जेवण खानावळीत, कपडे गॅलरीत. पुढे शाळेत क्षेत्रफळ शिकवणाऱ्या सहकाऱ्याला मी हे गणित घातले होते. एकशेवीस चौरस फूट, एका वेळी सात माणसे, म्हणजे माणशी सतरा चौरस फूट. त्यातून मोरी वजा करा. साधारण एक चटईच उरते.

आणि काकू? त्या गावी. काकांनी सदतीस वर्षे मुंबईत काढली, त्यात काकू मुंबईला दोनदा गेल्या. एकदा राणीचा बाग बघायला, एकदा काकांचे ऑपरेशन झाले तेव्हा. दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या घरी उतरल्या. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता, १९८१ पर्यंत) अशी हजारो घरे होती. पुरुष मुंबईला, बाई शेतावर, महिन्याला मनीऑर्डर. याला आम्ही 'चाकरमानी' म्हणून गौरवाचे नाव दिले. खरे कारण इतकेच की मुंबईत चटईच्या शेजारी दुसरी चटई पसरायला जागा नव्हती.

जागा का नव्हती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा वाचत गेलो, आणि जे सापडले ते इथे मांडतो आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले, पण माणसांनी राहायचे कुठे याचा विचार कुणी केला नाही. चाळी खाजगी मालकांनी बांधल्या, नफ्यासाठी बांधल्या आणि खच्चून भरल्या. १८९६ साली प्लेग आला आणि सरकारला जाग आली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते रुंद केले, त्यासाठी घरेही पाडली. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याच्याच त्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून दोनशेसात, खोली साधारण एकशेसाठ चौरस फुटांची. सरकारने कामगारांसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर बांधल्याचे ते जुने उदाहरण. त्यांची आजची गत काय ते मुंबईकरांना ठाऊक आहेच. वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना नव्या इमारतीतल्या किल्ल्या मिळाल्या त्या २०२५ मध्ये.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. माझ्या काकांसारख्यांना हा कायदा म्हणजे देवच. खोलीचे भाडे वाढले असते तर मंडळाने गाळा केव्हाच सोडला असता. पण नवी चाळ बांधण्यात मालकाला काही उरेना आणि जुनीची डागडुजी करण्यातही. चाळी आहेत तेवढ्याच राहिल्या आणि माणसे वाढत गेली. एकाच कायद्याने काकांना जागा दिली आणि माझ्या पिढीच्या मुलांची जागा होऊ दिली नाही, असे माझे मत आहे. ते सगळ्यांना पटणार नाही.

आता नगररचनेकडे येतो. शहराचे पट्टे पाडायचे, इथे राहणे, इथे बाजार, इथे कारखाने, ही कल्पना जगात गाजली ती न्यूयॉर्कने १९१६ साली केलेल्या नियमांमुळे. आमच्या मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा त्याच्या एक वर्ष आधीच, १९१५ मध्ये केला होता. अर्थात तो वेगळ्या पद्धतीचा होता, तुकड्या-तुकड्याने योजना करण्याचा. अख्ख्या शहराचा विकास आराखडा करणे बंधनकारक झाले ते १९५४ च्या कायद्याने. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये तयार झाला, १९६७ मध्ये मंजूर झाला, आणि मधल्या काळात १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. तोच आजही चालू आहे.

त्या आराखड्यात रंगीत नकाशे असत. गिरण्यांची जमीन औद्योगिक रंगाची. म्हणजे तिथे धंदा चालेल, घर बांधता येणार नाही. कागदावर हे रास्तच आहे. धुराड्याखाली कुणी घर बांधू नये. पण प्रत्यक्षात दिसे ते असे की रस्त्याच्या एका बाजूला एकवीस माणसांची खोली आणि दुसऱ्या बाजूला गिरणीची भिंत. भिंतीच्या आत शेड, पण मोकळी अंगणेही, कुठे कुठे पाण्याचे तलावसुद्धा. काकांबरोबर गिरणीच्या दारापर्यंत गेलो होतो. दरवाजा उघडला तेव्हा आत पाहून मी म्हणालो होतो, "काका, इथे तर आमच्या शाळेपेक्षा मोठे मैदान आहे!" काका म्हणाले, "ते मालकाचे." विषय संपला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार, पुढारी दत्ता सामंत. त्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी काही भर घालत नाही. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काका १९८३ च्या पावसाळ्याआधी ट्रंक आणि वळकटी घेऊन गावी आले ते आलेच. घर ऐसपैस, पण ओटीवर झोपायचे ते भिंतीला लागून, पाय मुडपून. काकू म्हणायच्या, "अहो, सरळ झोपा की आता!"

गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. राहिली ती जमीन, अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर. तीही मुंबईच्या मध्यभागी, जिथे एका एकरासाठी माणसे जीव टाकतात. मार्च १९९१ मध्ये मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिनेच मूळ शहरासाठी निर्देशांक १.३३ आणि उपनगरांसाठी १ ठरवला. म्हणजे हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर शहरात सगळे मजले मिळून तेराशेतीस चौरस फूट बांधायचे. त्याच नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम होता. (गिरण्याही अठ्ठावन्न, नियमही अठ्ठावन्नावा. हा योगायोग.) या नियमाने गिरणीची जमीन पहिल्यांदाच घरांसाठी आणि इतर वापरासाठी खुली केली, पण वाटणी करून. साधारण तीन वाटे. एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी. एक मालकाला. गिरणी जितकी मोठी, तितका मालकाचा वाटा थोडा कमी. दिलेल्या जमिनीबद्दल मालकाला दुसरीकडे बांधकामाचा हक्क मिळे, म्हणजे अगदी फुकट कुणी मागत नव्हते.

सहाशेचे तीन भाग करा. दोनशे एकर मोकळी हवा आणि दोनशे एकर घरे. मला वाटते, मुंबईच्या इतिहासात गिरणगावच्या माणसाला इतके देऊ करणारा दुसरा नियम झाला नसेल.

पण मालक पुढे येईनात. एकतृतीयांश जमिनीसाठी कोण गडबड करतो? जुन्या इमारती तशाच ठेवून आत वेगळा वापर करण्याची वाट नियमात होतीच, काहींनी ती धरली. गिरणीच्या आवारात बोलिंगचा खेळ आणि दुकाने आली. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा सुचवला. एकेका गिरणीचा सुटा विचार न करता सगळे तुकडे जोडून रस्ते, बागा, घरे बसवावीत, असे त्यांचे म्हणणे. अहवाल फाइलीतच राहिला.

आणि २००१ मध्ये नियम बदलला. माझ्यासारख्या व्याकरणाच्या मास्तराला इथे रस वाटू लागतो, कारण सगळा खेळ एका शब्दावर आला. वाटणी कशाची करायची? तर 'मोकळ्या जमिनीची'. आधीच्या नियमात गिरणीची इमारत पाडल्यावर मिळणारी जमीनही वाटणीत येत होती. नव्या नियमाने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची ठेवली. इमारतीखालची जमीन मालकाची, पाडा किंवा ठेवा. आता गिरणी म्हणजे मुळात बहुतेक इमारतच. मैदान असले तरी शेडच्या मानाने थोडे. म्हणजे वाटे तीनच राहिले, पण वाटायची भाकरी चतकोर झाली.

मी आठवीच्या वर्गाला विचारले असते, "मुलांनो, वाडा पाडला. आता ती जागा मोकळी की नाही?" तर सगळा वर्ग "मोकळी!" म्हणून ओरडला असता. मुंबई उच्च न्यायालयात पर्यावरणवाद्यांची एक संस्था गेली तेव्हा ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने माझ्या वर्गासारखाच अर्थ लावला. पाडून मोकळी झालेली जमीनही मोकळीच. पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. नियमातला 'मोकळी' म्हणजे आधीपासून मोकळी, पाडून केलेली नव्हे. विषय मिटला. दरम्यान, २००५ मध्येच मुंबई टेक्स्टाइल मिलची साडेसतरा एकर जागा लिलावात ७०२ कोटींना गेली होती. काकांच्या 'ते मालकाचे' या वाक्याला सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का मिळाला, असे मला त्या दिवशी वाटले. तेव्हा काका हयात नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. १९९१ च्या नियमाने दहा वर्षांत कामगारांच्या पदरात फारसे काही टाकले नव्हते, हे खरेच आहे. जमीन अडकून होती, गिरण्या आजारी, कामगारांची थकलेली देणी तशीच. जमीन विकली गेली तर निदान देणी तरी मिळतील, असा सरकारचा युक्तिवाद होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो मानला. काही कामगारांचे पैसे त्यातून चुकतेही झाले. पूर्ण दोनशे एकर हाती आली असती तरी सरकारने तिथे वेळेत घरे बांधली असती का, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. बीडीडी चाळी आहेतच डोळ्यांसमोर. पण घर बांधायला उशीर झाला तर जमीन निदान राहते, नंतर कुणी बांधू शकतो. विकलेल्या जमिनीवर चाळीस मजले चढले की त्यावर परत विचार करता येत नाही.

म्हाडाच्या वाट्याला जे तुकडे आले त्यावर कामगारांसाठी घरे झाली. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर. पहिली सोडत २०१२ च्या जूनमध्ये निघाली, ६,९२५ घरांची, किंमत साडेसात लाख. पुढे २०१६ आणि २०२० मध्ये आणखी सोडती झाल्या, पनवेलजवळची काही घरेही दिली गेली. सगळी मिळून पंधरा हजारांहून थोडी जास्त. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. १९८२ च्या सुरुवातीला जो कामावर होता तो, किंवा त्याचा वारस, पात्र. माझ्या चुलतभावाने अर्ज भरला. काकांचा तिकीट नंबर, ईएसआयचे कार्ड, फंडाची चिठ्ठी, सारे काकूंनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. तिन्ही सोडतींत नंबर लागला नाही. २०२४ च्या शासन निर्णयानंतर शेलू, वांगणी अशी बदलापूरच्याही पुढची नावे निघाली. चुलतभाऊ आता पासष्टीचा आहे. म्हणतो, "तिथे जाऊन मी काय करू? आणि नको म्हणायचीही भीती वाटते."

आता शेवटचा भाग, जो लिहू की नको असा विचार करत मी हा लेख महिनाभर ठेवून दिला होता.

जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचाही एक नियम आहे, तेहतीसचा पोटनियम सात. १९९९ मध्ये तो बदलला आणि अशा चाळींना निर्देशांक अडीच मिळू लागला. जुन्या भाडेकरूंना फुकट घरे बांधून द्यायची, उरलेली विकायची. लालबाग, परळच्या चाळींचे मनोरे झाले ते या नियमाने. आमच्या गावच्या गाळ्याची चाळही त्यात गेली. एकशेवीस चौरस फुटांच्या बदल्यात सव्वादोनशे, अठराव्या मजल्यावर, संडास-मोरीसकट. काकांनी स्वप्नातही पाहिले नसते.

पण घर द्यायचे कुणाला? भाडेपावती मंडळाच्या नावाने नव्हती. चाळीच्या मालकाला एक नाव हवे असायचे म्हणून कुणा एका बुजुर्गाच्या नावाने ती फाडली जायची, आणि ते गृहस्थ केव्हाच गेले होते. वारस म्हणाले घर आमचे. गाव म्हणाले भाडे साठ वर्षे आम्ही भरले. देवळात बैठक झाली. वारस सभ्य निघाले, कोर्टकचेरी झाली नाही. घर विकायचे, निम्मे पैसे त्यांचे, निम्मे मंडळाचे, असे ठरले. ठराव लिहायला मला बसवले, कारण मी मास्तर.

बैठकीत एक म्हातारा उठून म्हणाला होता, "विकू नका. पोरे जातील मुंबईला तेव्हा टेकायला जागा असू दे." त्यावर मीच बोललो. म्हटले, आता गिरण्या नाहीत, मुले शिकतात, कोण जाऊन राहणार आहे चटईवर? शिवाय मनोऱ्याचा महिन्याचा देखभाल खर्च मंडळाला झेपायचा नाही. हे दुसरे कारण खरे होते. पहिल्याबद्दल आज माझी तेवढी खात्री नाही. माझे ऐकले गेले. मंडळाच्या वाट्याच्या पैशांत देवळाचा सभामंडप झाला, फरशी बसली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. दरवर्षी उत्सवात सगळे कौतुक करतात.

त्या म्हाताऱ्याचा नातू आता मुंबईत एका कुरिअरच्या कचेरीत आहे. काम लोअर परळला, जिथे काकांची गिरणी होती त्याच्या अलीकडच्याच एका काचेच्या इमारतीत. राहतो दिव्याला. खोलीत पाच जण आहेत, त्यातले दोघे रात्रपाळी करतात. पहाटेची गाडी पकडायला तो पावणेपाचला उठतो. गणपतीला आला होता तेव्हा भेटायला आला. आजोबांनी बैठकीत काय म्हटले होते ते त्याला ठाऊक नाही, आणि मी ते त्याला सांगितले नाही.